येथे व्यायाम चालू आहे

कुंभिवलीच्या कोंडीबाईनं घरात सांगून टाकलं, लेकीच्या दुसऱ्या मुलीचं बारसं कर्जतला आहे, मी जाणार, आणि मला कुणी उचलायचं नाही. जांभळीवरून पडून तिचं कमरेखालचं अंग गेलं त्याला तीन वर्षं झाली होती. मागे लेक सुनिताच्या दिराचं लग्न होतं. तिथं दोघा गड्यांनी तिला भाताच्या पोत्यासारखं उचलून मांडवात नेलं. लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलं आणि विहीणबाई टक लावून बघत राहिली. जेवण चांगलं होतं म्हणतात. कोंडीबाईच्या घशाखाली उतरलं नाही.

बारशाला सव्वा महिना होता. दवाखान्यातल्या सानवी मॅडमनी बसल्या बसल्या करायचे व्यायाम शिकवले. खुर्चीच्या चाकांना ब्रेक, पाठ ताठ. दोन्ही हात दहा वेळा वर, दहा वेळा बाजूला, मग पुढं गुद्दे. शेवटी खुर्चीचे हात दाबून अख्खं अंग वर उचलायचं. "हे जमलं की तुम्ही स्वतःच रिक्षात सरकाल," मॅडम म्हणाल्या. पोर हुशार. फक्त रस्त्याकडे तोंड करून बसू नका, एवढं सांगायचं राहिलं.

घरात खुर्ची वळत नव्हती, म्हणून कोंडीबाई अंगणात बसली. मुलगा दत्ता म्हणाला, "आये, भिंतीकडं तोंड कर की."

"का रं? मास्तरनं शिक्षा केली हाय मला?"

पहिल्या सकाळी आठ वाजता हात वर गेले आणि कर्जतला जाणारी सहा आसनी रिक्षा करकचून थांबली. या रस्त्याला हात वर केला की तोच थांबा, दुसरा थांबा कुणाला ठाऊक नाही.

"बस मावशी," रिक्षावाला रोहिदास म्हणाला.

"बसलेलीच हाय. तू जा."

"मग हात कशाला केलास?"

"व्यायाम हाय."

"दोन्ही हातांनी?"

"मग? एकच हात तयार करून काय करू रं?"

रोहिदास निघतो न निघतो तोच हात पुन्हा वर. मागचा टेंपो थांबला, त्याच्यामागं दुधाची गाडी. पुढं हात बाजूला करायची पाळी आली. ते बघून मोटारसायकलवाल्यांना वाटलं, पुढं पोलीस उभे आहेत. तिघे होते तिथूनच माघारी फिरले. गुद्दे सुरू झाले तसा समोरचा चहावाला मालोजी किटली घेऊनच रस्ता ओलांडून आला. कोंबड्यांवरून दोघांचं दोन महिने बोलणं बंद होतं.

"कोंडे, मला गुद्दे दाखवतीस?"

"तुला मारायचं तर एवढ्या लांबनं मारीन का?"

रोज हेच. आठव्या दिवशी रिक्षातली माणसं भांडायला आली, कामावर उशीर होतो म्हणाली. कोंडीबाई म्हणाली, "तुमाला उशीर होतो, माझं तर बारसं जातंय." शेवटी दत्तानं पत्र्यावर रंगानं लिहून पाटी ठोकली: येथे व्यायाम चालू आहे. गाडी थांबवू नये.

मग शांतता झाली. रिक्षा जाताना आतली माणसं मोजत जायची, "सात! आठ!" कोंडीबाईला ते आवडायचं, पण तोंडावर दाखवील ती कसली. अंग मात्र वर उचलत नव्हतं. चौथ्या आठवड्यापर्यंत नुसतं तोंड लाल व्हायचं. एकदा दत्ता मागून हळूच आधार द्यायला गेला, तर त्याला कोपर खावं लागलं. पाचव्या आठवड्यात अंग चार बोटं वर आलं. कुणी बघितलं नाही. तिनं कुणाला सांगितलंही नाही.

बारशाच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, मांडीवर बाळाची कुंची ठेवून रस्त्याकडेला बसली. "तू हात खिशात ठेव," दत्ताला म्हणाली. "गाडी मी थांबवणार."

पहिली रिक्षा आली. तिनं हात वर केला. "एक!" आतून माणसं ओरडली आणि रिक्षा गेली. दुसरीतला ड्रायव्हर म्हणाला, "आज एकाच हातानं काय, मावशी?" तीही गेली. आता रोहिदासचीच राहिली होती. ती चुकली की बारसं चुकलं.

दत्ता रडकुंडीला आला. "आये, मी हात करू?"

"गप."

रोहिदासची रिक्षा वळणावर दिसली. कोंडीबाईनं दोन्ही हात कुंचीवर ठेवले आणि दगडासारखी बसून राहिली.

करकचून ब्रेक लागला. रोहिदास उडी मारून खाली उतरला, मागून सगळी माणसं. "मावशी! हात का नाय वर? बरं नाय का?"

"बरी हाय. कर्जतला जायचंय. सरका."

चौघे उचलायला धावले. तिनं नुसतं बघितलं. चौघे थांबले.

दत्तानं खुर्ची रिक्षाला खेटून लावली. तिनं ब्रेक लावले, हात दाबले. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. समोर मालोजी चहा ओतायचा थांबला. तिसऱ्यांदा अंग वर आलं, सरकलं आणि सीटवर बसलं. पाय तिनं एकेक करून स्वतःच्या हातांनी आत घेतले, लुगडं घोट्यापर्यंत नीट केलं.

"बघताय काय? खुर्ची वर बांधा."

कर्जतला विहीणबाई दारात उभी होती. मागच्या खेपेचे दोन गडी दिसतात का म्हणून ती कोंडीबाईच्या मागं बघत राहिली. "आणलं कुणी तुमाला?"

कोंडीबाईनं नुसते दोन्ही हात वर करून दाखवले.

इथं पाटी नव्हती. रस्त्यावरची रिक्षा थांबली.