गवेसाहेब पट मोजतात

एका जंगलात, अगदी माझ्या झाडाला लागूनच, साळूमावशीची बालवाडी होती. मुलांनो, मी काही मुद्दाम डोकावत नसे हं. फांदीच तिकडे वाकलेली होती.

साळूमावशी म्हणजे साळिंदर. ती अंगावरचे काटे झाडायची. खळ् खळ् वाजायचं, आणि पोरं दर ठेक्याला एक उडी मारत अंक म्हणायची. कासवाच्या टिकलूला उडी जमेना. तो ठेक्याला मान बाहेर काढायचा. त्यालाही चांगलं पंधरापर्यंत यायचं.

पण कुणीतरी वर कळवलं, "तिथे नुसता धिंगाणा चालतो." कुणी कळवलं ते विचारू नका. दुपारची झोपमोड होते हो एखादीची.

लगेच तपासणीला गवेसाहेब आले. गवाच तो, केवढं धूड!

"पोरांना मोजता आलं नाही, तर बालवाडी आजच बंद," साहेब म्हणाले.

मावशीचं तोंड एवढंसं झालं.

"हाताची घडी, तोंडावर बोट!" साहेब गरजले. ज्याला बोट नव्हतं त्याने शेपूट ठेवलं. "हं, आता मोठ्याने म्हणा, एक ते दहा."

कुणी बोलेना. बोट तोंडावर ना!

"सगळी मठ्ठ!" साहेबांनी कागद काढला. "बंद! पटावर मुलं किती?"

"तुम्हीच मोजा की, साहेब. माझ्या मोजण्यावर तुमचा कुठं विश्वास?"

साहेबांनी मोजली. दहा. पुन्हा मोजली. अकरा. पुन्हा दहा. टिकलू घाबरून मान आत घ्यायचा, की तो दगडच वाटायचा. साहेबांना घाम फुटला. आकड्याशिवाय कागद पुरा होईना.

टिकलूने तोंडावरचं बोट जरा बाजूला केलं. "साहेब, बसून चुकतं. उड्या मारा ना."

"गप्प बस!"

पण मावशीने काटे झाडले. खळ्! साहेबांचा एक पाय उचलला गेला. खळ्! दुसरा. मग काय विचारता! गवा उडतोय, माझं घरटं हलतंय, टिकलूची मान बाहेर, आणि पोरं बोटंबिटं विसरून ओरडतायत, "नऊ! दहा! अकरा!"

अकराच होती. बरोबर.

साहेबांनी धूळ झटकली. कुणी पाहिलं नाही ना, ते पाहिलं. मी पान पुढे ओढून घेतलं. मग त्यांनी शेरा लिहिला, 'मुलांना मोजता येते. बालवाडी चालू ठेवावी. नाच मात्र तत्काळ बंद.'

"अहो, पण साहेब..."

"नियम म्हणजे नियम, बाई."

तेव्हापासून नाच बंद आहे ना, हे तपासायला साहेब दर गुरुवारी येतात. पोरं ओळीत बसतात. हाताची घडी, तोंडावर बोट. मावशी काटे झाडते. साहेब पट मोजतात.

झोपमोड होतेच. पण आता कळवायचं तरी कुणाला?

तात्पर्य: नाचत शिकायची फारच हौस असेल, तर आधी गप्प बसून शिकावं आणि साहेब व्हावं.