खिडकीतून टाकलेली थैली

सकाळी साडेसातला देवरावने आलापल्लीच्या बसस्टँडवर आपली खाकी थैली एसटीच्या खिडकीतून आत टाकली, आणि आठच्या आत ती त्याला मागे ठेवून जिमलगट्ट्याला निघून गेली. थैलीत होणाऱ्या सुनेची साखरपुड्याची, तिकडच्या बोलीत साक्षगंधाची, साडी होती. साक्षगंध होतं मूल गावाला, म्हणजे थेट उलट्या दिशेला.

देवराव वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला होता. शेजाऱ्याची गाय प्लास्टिक खाऊन मेली, तेव्हापासून त्याने चमकत्या पिशवीचं नाव टाकलं होतं. दुकानदाराने फुलाफुलांच्या पिशवीत दिलेली साडी त्याने कागदी पुडक्यासकट काढून जुन्या पँटपासून शिवलेल्या थैलीत घातली आणि पिशवी परत नेऊन दिली. बायकोने, मनकर्णाने, जीप करा म्हटलं तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "एसटी जाऊन राह्यली न मूलले, मंग वेगळं डिझेल कायले जाळाचं?"

गाडीवर 'मूल' अशी पाटी होती. देवरावने थैली टाकून सीट धरली आणि तो चहा पीत बसलेल्या मंडळींना हाक मारायला गेला. गाडी मूलहून आली होती. पाटी आलेल्या गावाची होती. कंडक्टर ती बदलत होता तेव्हा देवराव भावाला, लटारूला, चहा लवकर संपव म्हणून दटावत होता.

"चमकत्या पिशवीत असती, तं अशी फेकली असती काय जी?" गाडीची धूळ खाली बसल्यावर मनकर्णाने विचारलं.

"थैली कुठी जात नाई."

"जिमलगट्ट्याले गेली न!"

"पोरीची आत्या म्हनते, दिवस बुडाच्या आत साडी नेसली पायजे, नाई तं साक्षगंध दिवाळीनंतर," लटारू म्हणाला. "आष्टीले दुसरी घेऊन टाकू. पाहुन्याइले काय सांगू? नवरदेवाचा बाप थैलीची वाट पाहून राह्यला?"

"खरं तेच सांग. दुसरी घ्याची नाई. तेच गाडी वापस मूलले जाते, मी तिच्यात येतो. तुमी व्हा पुढं."

मंडळी पुढच्या गाडीने गेली. थोड्या वेळाने जिमलगट्ट्याच्या वाटेवरच्या रेपनपल्लीकडून आलेल्या ड्रायव्हरने खबर दिली, "तुमची गाडी भेटली भाऊ. लोकं टपावर, पन एक सीट रिकामी. थैली हाय म्हने, कोनी बसेचना."

"काऊन?"

"धरलेली सीट हाय न! मालक मागून येत असन."

दुपारी गाडी परतली. देवराव कोपरं मारत आत घुसला. थैली खिडकीशी होती आणि शेजारी जिमलगट्ट्याची शकुबाई पदर खोचून बसली होती.

"सरका जी बाई, माही सीट हाय."

"सीट थैलीची हाय."

"थैली माही हाय!"

"रस्त्यानं चार जन असेच बोलले. सांगा, आतमंदी काय हाय?"

"साडी."

"ते तं साऱ्या गाडीले माहीत हाय, कंडक्टरनं उघडून पायली. रंग सांगा."

देवरावने पुडकं कधी उघडलंच नव्हतं. साडी मनकर्णाने निवडली होती. क्षणभर विचार करून तो ठामपणे म्हणाला, "हिरवी."

गाडी हसली.

"मंग लाल!"

"आता साऱ्या रंगाइचे नावं घेता काय?" शकुबाईने थैली जवळ ओढली.

"मूलले बायको हाय माही, ते सांगन रंग!"

"मंग मूललेच पाहू," कंडक्टर म्हणाला. "तवरी थैली बसन, तुमी उभे राहा." त्याने घंटी मारली. देवरावने उभ्याचं तिकीट घेतलं आणि थैलीजवळचा दांडा घट्ट धरला.

आष्टीला एक धोतरवाले बाबा चढले. रिकामी सीट पाहून ते थैली उचलायला वाकले. शकुबाई तोंड उघडणार, तोच देवराव मध्ये आडवा झाला.

"नाई जी बाबा. सीट धरलेली हाय."

"तुमी धरली?"

देवरावने शकुबाईकडे पाहिलं. "नाई, थैलीनं," तो म्हणाला.

गाडी आष्टीहून साडेतीनच्या सुमारास सुटली. थैली बसलेली होती, देवराव आणि बाबा उभे होते. मूल अजून दोन तास दूर होतं, दिवस बुडायला तीन.