सासूबाईंनी घासलेली बेअरिंगं

इंजिनाची बेअरिंगं निवडणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे, असं जावईबापूंनी घरादाराला बजावलं होतं. सासऱ्यांच्या मागे त्यांची जुनी मोटार जावईबापूंकडे आली होती आणि ती मेहुण्याच्या डोळ्यांत खुपत होती. रविवारपर्यंत चालू करून दाखवा, नाहीतर मी घेऊन जातो, असं तो चारचौघांत म्हणाला. यांनीही रागाच्या भरात हो म्हटलं.

मग त्यांनी दुकानदाराचं डोकं खाल्लं. इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, कातून बारीक केलेला, तेव्हा त्याला वेढणारं बेअरिंग त्या मानाने जाड हवं. शिवाय आतून राखाडी, मऊ थर हवा, कारण तेलातला बारीक कचरा तो स्वतःत रुतवून घेतो आणि शाफ्ट वाचवतो. हा थर म्हणजे बेअरिंगचा प्राण! दुकानदाराने दाखवलेली चकचकीत बेअरिंगं यांनी तुच्छतेने परत सरकवली. अखेर मनाजोगता संच मिळाला. अर्ध्या कापलेल्या बांगड्यांसारखे ते तुकडे जेवणाच्या टेबलावर मांडून ते आंघोळीला गेले.

बाहेर येऊन बघतात तर बेअरिंगं तांब्यासारखी लखलखत होती! जावईबापूंचा पारा चढला. ओल्या केसांनीच ते दुकानात धडकले आणि राखाडी रंग फासून माल विकता, लाज नाही वाटत, म्हणून गरजले. दुकानदाराने तुकडा निरखला. कोणीतरी घासलंय, म्हणाला.

"माझ्या वस्तूला हात लावायची आमच्या घरात कोणाची छाती नाही!"

गिऱ्हाईकं पांगायला लागली, तेव्हा त्याने कपाळाला हात लावून उरलेला एकुलता एक संच यांच्या हवाली केला.

घरी येऊन तो टेबलावर ठेवला आणि ते पाना शोधायला गॅरेजमध्ये गेले. परतले तेव्हा मुक्कामाला आलेल्या सासूबाई पदर खोचून सिंकपाशी उभ्या होत्या. एका हातात तारेची घासणी, दुसऱ्या हातात शेवटचं बेअरिंग.

"त्या मेल्याने परत काळपटच दिली हो तुम्हाला. तुम्ही फार भोळे. मघासारखीच लख्ख करून ठेवते."

सासूबाईंवर ओरडणार कसं? जावईबापू गॅरेजमध्ये गेले, स्टेपनीला लाथ घातली आणि अंगठा चोळत बसले. बायको म्हणाली, आईला आधी सांगायचं होतंत. बेअरिंगं घासू नका असं कोण कोणाला सांगतं, ते खेकसले.

रविवारी मेहुणा गाडी ओढून न्यायचा दोर घेऊनच आला. बंद इंजिन बघून त्याला गुदगुल्या झाल्या.

"ने रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. "पण तुझ्या बाबांच्या गाडीचं काम अर्धवट टाकून मला चैन पडायची नाही. मी पण येते तुझ्याकडे. सगळं घासून होईपर्यंत राहीन."

मेहुण्याचा चेहरा पडला. त्याने दोर गुंडाळला. एवढी घाई कसली, भाऊजींना सावकाश करू दे, असं पुटपुटत तो चहाला न थांबताच निघाला.

गाडी वाचली! जावईबापूंना नाचावंसं वाटलं. ते वळले, तर सासूबाई भरलेल्या पिशवीतून साड्या काढून पुन्हा कपाटात लावत होत्या.

"मग आता इंजिन लागेपर्यंत इथेच राहते," त्या म्हणाल्या. "ते काळेकुट्ट पिस्टन कुठे लपवलेत?"