बाराची पंगत, दोनची मॅच

लोह्याच्या कॉलेजातले खेळाचे सुदर्शन सर फुटबॉलपायी अर्धं आयुष्य झिजले होते, पण यंदाच्या मोसमानं त्यांची पार अब्रू काढली. पाच सामने, पाच हारी, आणि गोल? देवाशपथ, एकही नाही! शेवटी संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "सर, शनिवारची मॅच हरलाव तर टीम बंद. गोलाचे खांब उपटून टाकू, गाड्या लावायला जागा व्हईल."

त्या खांबांना दर दिवाळीला सुदर्शन सर स्वतःच्या हातानं रंग देत. बायको म्हणायची, घराला कधी दिला नाही!

शनिवारी गाठ लातूरच्या संघाशी होती, आणि ती पोरं यंदा एकदाही हरली नव्हती. पायानं जमत नाही ते पुरणानं करायचं सरांनी ठरवलं. दोनला मॅच, बाराला पंगत. पाहुण्यांना गळ्यापर्यंत जेवू घालायचं आणि आपल्या पोरांना गुपचूप दोन-दोन केळी द्यायची. पाहुणचाराला कोण नावं ठेवणार?

मेसच्या धुरपताबाईंनी सकाळपासून पोळ्या लाटल्या. येसर आमटी उकळली, तूप कढवलं. पाहुणे पंगतीला बसले, ताटं वाढून झाली. पण लातूरचे भागवत सर हात आखडून बसले.

"तुमची पोरं कुठं हायत?"

"त्यांचं झालंय, सर. तुम्ही घ्या."

"असं कसं? यजमान बसल्याबिगर आम्ही घास उचलत न्हाई. वळणच न्हाई तसलं."

सुदर्शन सरांनी हजार सबबी सांगितल्या. भागवत सर ढिम्म हलेनात. पुरण निवायला लागलं तसा धुरपताबाईंचा पारा चढला. "बोलवा की पोरांना! अन्नाचा काय अपमान मांडलाव?"

पोरांना बोलवावं लागलं. जाता जाता सरांनी कॅप्टन अनिमेषच्या कानात सांगितलं, "नुसतं ताटात चिवडत बस. एकच पोळी, कळलं का?"

"हाव सर."

आता तुम्हीच सांगा, वर्षभर मेसची पातळ डाळ पिणाऱ्या पोराला पुरणपोळी दाखवून चिवड म्हणावं? अनिमेषनं पहिल्या चार पोळ्या मान वर न करता संपवल्या. समोरच्या लातूरच्या पोरानं पाचवी मागितली, मग यानं सहावी. पुढं तर इरेला पेटले सगळे. सर डोळे वटारत होते, खाकरत होते, पण तिकडं बघतंय कोण? पंच शेषेरावांनीही शिट्टी खिशात घालून तुपाची वाटी पुढं केली.

"बाई, आमच्या पोरांना बास," सर काकुळतीला आले.

"पंगतीत दुजाभाव माझ्या हातून व्हायचा न्हाई!" म्हणत धुरपताबाईंनी अनिमेषला दहावी वाढली. पंगतीत लोहा जिंकलं. मोसमातला पहिला विजय!

दोन वाजता मैदानावर बावीस जण उतरले खरे, पण पळेना कुणीच. चेंडू कोपऱ्यात गेला की दोन्हीकडची पोरं एकमेकांना म्हणायची, "जा की तू." लातूरचा गोलकीपर खांबाला टेकून बसला होता. शेषेराव मैदानाच्या मधल्या वर्तुळात उभ्या उभ्या पेंगत होते. आप्पासाहेब खुर्चीत अस्वस्थ झाले होते आणि सरांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. केलं होतं आपणच, सांगणार कुणाला?

खेळ संपायला पाच मिनिटं उरली आणि धुरपताबाई भांडी आवरून मैदानाकडं आल्या. अनिमेष चक्क गवतावर आडवा झालेला बघून त्यांचं टाळकं सटकलं.

"ए मुडद्या! दहा पोळ्या घातल्या त्या लोळायला व्हय? लोक म्हणतील बाईनं काय घातलं पोरांना! ऊठ! पळ म्हणते ना!"

पळी उगारून बाई थेट आत घुसल्या. अनिमेष जिवाच्या आकांतानं उठला, पळत सुटला, पुढ्यात आलेला चेंडू लाथेनं उडवत सुटला आणि चेंडूसकट जाळ्यात जाऊन पडला. गोलकीपर बसल्या बसल्या म्हणाला, "जाऊ दे."

गोल! शेषेराव दचकून जागे झाले आणि त्यांनी शिट्टी मारली. बाई मैदानात कशा, हे विचारायची कुणात ताकद नव्हती. पोट धरून का होईना, पोरं नाचली. सुदर्शन सर खांबाला मिठी मारून ढसाढसा रडले.

सोमवारी कॉलेजच्या फळ्यावर आप्पासाहेबांच्या सहीचा कागद लागला. सरांनी लगबगीनं वाचला. टीम चालू राहणार. खांब जागच्या जागी राहणार. नवीन बूटसुद्धा मंजूर! सरांनी डोळे पुसले आणि पुढची ओळ वाचली. 'संघाच्या प्रशिक्षक म्हणून श्रीमती धुरपताबाई यांची नेमणूक करण्यात येत आहे. श्री. सुदर्शन सर यांना जेवणाचं नियोजन उत्तम जमतं, सबब मेसचा कारभार त्यांनी पाहावा.'

मागं कुणीतरी उभं होतं. सरांनी वळून पाहिलं, तर गळ्यात शिट्टी अडकवून धुरपताबाई.

"सर, उद्यापासून पोरांचा सराव सकाळी सहाला. नंतर पोहे लागतील."

सरांनी खिशातलं पेन काढलं. मग हळूच म्हणाले, "किती जणांचे?"

"अकरा. अन् कांदा बारीक चिरा."