बाहीतलं अभिनंदन

पदवीच्या झग्यावरचा हूड आपला आपल्याला घालता येत नाही, हे तो तिसऱ्यांदा गळ्यात रुतल्यावर वामनरावांना पटलं. पुढची फीत गळा आवळायची आणि पाठीवर रुळायची ती रेशमी अस्तराची पिशवी खांद्यावरून घसरून पोटावर लोंबायची. मुंबईत पदवीदानाच्या दिवशी ही कामं मित्र मित्रांची करतात म्हणे. पण त्या दिवशी वामनराव मुंबईत नव्हतेच. ते अमरावतीत वडिलांना तिलांजली देत होते. पदवी मागाहून डाकेनं आली. झगा आणि हूड तेवढे हौसेनं आधीच शिवून ठेवले होते.

त्यांची अपेक्षा फार नव्हती. कुणीतरी एकानं तो हूड गळ्यात घालावा आणि दोन शब्द बोलावेत. हे काम वडील करणार होते. आता घरात वामनराव होते, वडिलांची पुस्तकं होती आणि एक चूल होती, ती बहुतेक वेळा थंडच असायची.

शेजारच्या लीलाबाई कुंपणाशी गोवऱ्या रचत होत्या.

"काकू, मी बी. ए. झालो."

"अगं बाई! कवापासून?" लीलाबाईंनी हातातली गोवरी खाली ठेवली. "काढा देऊ का करून?"

"आजार नाही हो काकू. परीक्षा आहे. तिचाच हा झगा."

"मले वाटलं, सुतक फिटलं नाई तुहं," असं म्हणून त्यांनी गोवरी पुन्हा उचलली.

तेव्हा वामनरावांनी ठरवलं, माणसं घरी येत नसतील तर आपणच माणसांत जावं. माणसं होती कापसाच्या बाजारात. अमेरिकेत लढाई लागल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता की न्हाव्यानं धोपटी गुंडाळून सरकी जोखायला घेतली होती. झगा चढवून, हूड कसाबसा मानेमागे ढकलून वामनराव निघाले. क्षौर केलेल्या डोक्यावर केस नुकते कुठे फुटत होते.

आता कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात धरतात. बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच आणि समोरच्यानं हात दाबला की सौदा पक्का. वामनराव शाळामास्तरांचे चिरंजीव. कापसाशी त्यांचा संबंध देवाजवळच्या वातीपुरता.

अडत्या सूर्यभाननं त्यांना लांबूनच हेरलं.

"खुशालभाऊ, पाहा पाहा! मुंबईचा खरेदीदार दिसते. रुमालाची कटकटच ठेवली नाई, अंगावरच शिवून आला!"

अंजनगावचे खुशालराव लगबगीनं पुढे झाले. "राम राम, साहेब," म्हणत त्यांनी झग्याच्या ऐसपैस बाहीत हात घातला आणि वामनरावांचा पंजा धरला.

वडील गेल्यापासून वामनरावांचा हात कुणी हातात घेतला नव्हता. त्यांनी खुशालरावांचा हात दोन्ही हातांनी घट्ट दाबला. डोळे भरून आले.

"आभारी आहे. फार फार आभारी आहे."

"अबे, हा तं घासाघीसच करत नाई!" खुशालराव सूर्यभानच्या कानाशी पुटपुटले आणि रीतीप्रमाणे मालाची वानगी म्हणून कापसाचा एक पुंजका मागच्या पिशवीत टाकून बाजूला झाले.

मग रांगच लागली. हात बाहीत शिरत होते, वामनराव दाबत होते, हुडात पुंजके पडत होते. 'इकडे फुलांऐवजी कापूस वाहतात वाटतं,' वामनरावांच्या मनात आलं. एवढ्या लोकांना आपली वार्ता कळली कशी, याचं त्यांना नवल वाटलं. घरी येताना ते वाटेत दोनदा आपल्याशीच हसले.

दिवे लागायच्या सुमारास लीलाबाईंची हाक आली. "वामन, अरे तुह्या बी. ए.ले पाहाले गाड्याच्या गाड्या आल्या!"

दारापासून पार वळणापर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या होत्या.

"साहेब, माल कुठी उतरवू?" सूर्यभाननं विचारलं.

"कुणाचा माल?"

"तुमचा. सगळ्यायचे हात दाबले ना तुमी?"

"मला वाटलं, तुम्ही अभिनंदन करताय!"

"कायचं?"

"मी बी. ए. झालो," वामनराव हळूच म्हणाले.

सूर्यभाननं उंबऱ्यातून आत डोकावून पाहिलं. आत पुस्तकं होती. त्यानं कपाळाला हात लावला.

"आमी सौदा मोडत नसतो!" खुशालराव कडाडले. "घर इका, नाई तं..."

तेवढ्यात बाजाराकडून एक गाडीवान धावत आला. मुंबईची डाक आली होती. भाव आणखी चढला होता.

खुशालरावांचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. "जाऊ द्या बापा. बिनमायबापाचं लेकरू हाय. सोडून देऊ त्याले."

"सोडा, सोडा!" सगळ्यांनाच दया आली.

सौदा मोडायचा तर तोही बाहीतच. एकेक जण येऊन हात धरी आणि बोटं सैल करून काढून घेई. 'किती मोठ्या मनाची माणसं!' वामनराव प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते. गाड्या एकेक करून वळल्या. दारातला गलबला ओसरला आणि हात मोकळा राहिला.

शेवटी वलगावचे नत्थुजी उरले. त्यांनी बाहीत हात घातलाच नाही.

"बाबू, भाव चढला मनून हे सोडून राहिले तुमाले. माह्या गाडीचा सौदा सोडू नका. सकाळी इकसान तं फायदा तुमचा."

"मला कापूस नको, नत्थुजी."

"मंग काय पाह्यजे?"

वामनरावांनी हूड उतरवला, कापूस झटकला आणि तो त्यांच्या हातात दिला. "हा माझ्या गळ्यात घाला. आणि काहीतरी बोला."

"काय बोलाचं असते?"

"मुंबईत इंग्रजीत बोलतात. तुम्ही तुम्हाला येईल ते बोला."

नत्थुजींनी जोडे काढले, ओटीवर चढले आणि हूड घातला. उलटा घातला, रेशीम आत गेलं. वामनरावांनी तो तसाच राहू दिला. नत्थुजींना समारंभाचं बोलणं एकच येत होतं, बैल दुसऱ्याच्या दावणीला देताना म्हणायचं. त्यांनी घसा खाकरला.

"लेकरू गुणाचं हाय. खोड नाई. खाते कमी, मुकाट्यानं काम करते. याले मारू नका. येळेवर चारा-पानी करजा."

एवढं बोलून झालं की दावं नव्या धन्याच्या हाती द्यायचं असतं. नत्थुजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरात कुणीच नव्हतं. तेव्हा हुडाची फीत मुठीत धरून ते तसेच उभे राहिले.