चोवीसचं मायलेज

गाडी चालवावी तर माझ्यासारख्यानं! उमरग्यात गाड्या पुष्कळांकडे आहेत, पण गाडीमागचं भौतिकशास्त्र कळणारा माणूस एकच, आणि तो ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्रच शिकवतो. मी ॲक्सिलरेटर दाबत नाही, त्यावर नुसता बूट टेकवतो. ब्रेकची आठवण मला दसऱ्याला होते, पूजेच्या वेळी. गाडीला एसी आहे, पण तो कुठून सुरू होतो हे मी बायकोलाही कळू दिलेलं नाही. कंपनीनं बावीसचं मायलेज सांगितलंय ना? मग बावीस म्हणजे बावीस!

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरकारनं मायलेजचे नियम कडक करायचं मनावर घेतलं, आणि माझ्या सासऱ्यांनी त्याला विरोध करायचं मनावर घेतलं.

सासरे म्हणजे माणिकप्पा. वय शहात्तर, सहा ट्रकांचे मालक आणि ट्रकमालक संघटनेचे अध्यक्ष. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला सर म्हणतात, पण ज्या सुरात म्हणतात त्या सुरात आमच्या कॉलेजचा शिपाईसुद्धा म्हणत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, या बारा वर्षांत त्यांनी माझं एकही म्हणणं मान्य केलेलं नाही. मी 'आज फार उकडतंय' म्हणालो की ते आतून शाल मागवतात!

नियम तसा साधा होता. कंपनी वर्षभरात जेवढ्या गाड्या विकते, त्या सगळ्यांच्या तेल पिण्याची सरासरी एका मर्यादेत हवी. कारला हे आता आणखी कडक होणार, ट्रकलाही लागणार, अशी चर्चा होती. लोकांची मतं मागवली होती. संघटनेची सभा रविवारी चार वाजता, आणि तिथून पत्र जाणार दिल्लीला. शुक्रवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या ओसरीवर मी पाठिंब्याची बाजू मांडायला बसलो.

"सरासरी म्हंजे काय, सर?" मामा म्हणाले. "मी शहात्तरचा, तुमचं पोरगं चारचं. सरासरी काढली तर चाळीस. चाळीसचं माणूस हाय का कोन आमच्या दोघांत? मग नियम लावणार कुणाला?"

"मामा, तेल बाहेरच्या देशातून येतं. गाडीनं कमी प्यायलं तर धूर कमी, खर्च कमी. तुमच्याच ट्रकचं डिझेल वाचेल!"

"आन् मोजत्यात कुठं? खोलीत! फिरत्या रुळावर गाडी हुबी करून! तिथं खड्डा न्हाय, उसाची ट्रॉली न्हाय, रस्त्यात बसल्याली म्हैस न्हाय. खोलीतल्या आकड्यावर कायदा करायचा आन् ट्रक महाग करायचा? ह्यो कुठला न्याय?"

"सगळ्या गाड्या एकाच मापानं मोजायच्या तर परिस्थिती एकसारखी लागते, मामा. आणि चालवणारा नीट असेल तर रस्त्यावरही तोच आकडा येतो. माझ्या गाडीला येतो!"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

मामांनी पानाची पिंक टाकली. "हौद?" त्यांना खात्री पटली नाही की ते कन्नडमध्ये 'हो का' म्हणतात. "मग चला रविवारी सकाळी तुळजापूरला. टाकी काठोकाठ भरून निघायचं, आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची. गाडीत मी आन् तुमी, तिसरं कुणी न्हाय. डिकी रिकामी. बावीस आलं तर पाठिंब्याच्या पत्रावर पहिली सही माझी. न्हाय आलं तर तुमी भर सभेत उठून म्हणायचं, मामा खरे हाईत, म्या चुकलो."

खरं सांगतो, त्या क्षणी मला धुराचं, डिझेलचं, देशाचं काही पडलं नव्हतं. मला ती सही हवी होती. बारा वर्षांत एकदा, एकदाच, त्या माणसानं माझं बरोबर आहे असं लिहून द्यायला हवं होतं!

आता आमची चूक बघा. दोघंही शहाणे, पण पैज लावताना गाव निवडलं ते तुळजापूर! लातूर म्हणालो असतो तर कुत्रं फिरकलं नसतं. पण आमच्याकडं तुळजापूरला निघालेल्या गाडीत एक जागा चालवणाऱ्याची असते आणि बाकी सगळी देवीची.

रविवारी पहाटे दार उघडलं तर सासूबाई, पार्वतम्मा, नवी साडी नेसून पायरीवर बसलेल्या. मांडीवर ओटीचं ताट, मागं मामा उभे.

"मामी, आज फक्त दोघंच..."

"आईच्या दारी चाललाव आन् मला ठेवून? नातवाचा नवस फेडायचा ऱ्हायलाय, जावईबापू!"

मी मामांकडं बघितलं. मामा आभाळाकडं बघत होते. "तुमची गाडी," ते म्हणाले. "तुमी न्हाय म्हणा."

देवीच्या ओटीला मायलेजपायी नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. आई निघाली म्हणून बायको, शिवरंजनी, निघाली; खुद्द नातू झोपलेला, त्याला शेजारी ठेवलं. तेवढ्यात शेजारच्या श्रीदेवीकाकू दिव्याच्या तेलाचा पंधरा किलोचा डबा घेऊन आल्या. गुडघ्यांमुळं त्यांचं जाणं होत नाही, पण तेल मात्र देवीला पोचायलाच हवं! पाठोपाठ गल्लीतून एक नारळाचं पोतं आलं. एक्कावन्न नारळ! ते कुणाचे हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. रिकाम्या डिकीचं झाकण शेवटी मला बुडानं दाबून लावावं लागलं.

पंपावर टाकी काठोकाठ भरली. मामांनी झाकणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर कन्नडमध्ये सही केली. मी मीटर शून्यावर आणला आणि निघालो.

पण मीही हार मानणारा नव्हतो. वजन वाढलं तर वाढू दे, शास्त्र कशाला आहे? गतिरोधक आला की इंजिन बंद. उतार आला की इंजिन बंद. पुढं उसाची ट्रॉली आडवी आली की बंद, ती हलली की चालू. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमले. मागं सासूबाई घामानं निथळत होत्या.

"जावईबापू, काच तरी खाली करा!"

"काच उघडली की हवेचा विरोध वाढतो, मामी!"

"हवेचं सोडा, हितं माझा विरोध वाढायलाय!"

तुळजापुरात दर्शन झालं, तेल पोचलं, नारळ पोचले. जेवण आमच्या पुजाऱ्यांकडं. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, तिथं जेवल्याशिवाय सुटका नाही. पानं उठल्यावर पुजाऱ्यांच्या आई, धुरपदाबाई, बोचकं घेऊन पुढं आल्या. त्यांची लेक उमरग्याला दिलेली. "गाडी चाललीच हाय तर येते की मी बी!"

मागं तिघींना दाटी होणार. मामा लगेच म्हणाले, "माझ्या जागी ह्यास्नी न्या. मी यष्टीनं येतो. पंचाहत्तरीच्या वर यष्टी फुकट हाय मला. ह्याच्यापरीस चांगलं मायलेज कुठल्या गाडीचं?"

"पण मामा, पैज? तुम्ही शेजारी नको का?"

मामांनी झाकणावरच्या चिकटपट्टीवर बोट फिरवलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा! "पट्टी हाय, मीटर हाय. आन् तुमी काय लबाड माणूस न्हाय. माझा भरवसा हाय तुमच्यावर."

मला भरून आलं. अगदी खरं, डोळ्यांत पाणी आलं. पैज मारली नसती तर ते वाक्य मला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

नळदुर्ग सोडलं, हायवेला एक छान उतार लागला. मी इंजिन बंद केलं. उतार संपला, गाडी थांबली, मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्, टक्. बॅटरी चार वर्षांची, आणि सकाळपासून मी तिला शंभरदा तरी उठवून झोपवलेलं! मीटरचे आकडे लुकलुकत होते, पण स्टार्टरला दम राहिला नव्हता. शिवरंजनीनं आणि मी धक्का मारला. सासूबाईंनीही मारला. धुरपदाबाई आत बसून "जोर लावा" म्हणत होत्या. गाडी काही ऐकेना.

तेवढ्यात मागून एक रिकामा ट्रक येऊन थांबला. त्यातून उतरला सिद्धाराम, मामांचाच ड्रायव्हर, सोलापूरला माल टाकून परत निघालेला.

"सर! गाडी पडली व्हय बंद? आज रविवार, नळदुर्गात मिस्तरी घावायचा न्हाय. थांबा, दोर बांधतो. उमरग्यापत्तर ओढत नेतो!"

मी नको म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो! पण घड्याळात दोन वाजून गेलेले, चारला सभा, आणि सोबत तीन बायका उन्हात. सिद्धारामनं दोर बांधला आणि आम्ही निघालो. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा एकेक करत पुढं सरकायला लागला. पेट्रोलचा काटा मात्र जागचा हलत नव्हता.

"काय गुमान चालती ओ तुमची गाडी!" धुरपदाबाई म्हणाल्या. "आवाज म्हणून न्हाय! इलेक्ट्रिकची हाय का?"

शिवरंजनीनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं. "अहो, हे किलोमीटर धरायचे नाहीत. बाबांना सांगा."

"सांगणार आहे की! सभा झाल्यावर!"

"सभा झाल्यावर सांगून काय उपयोग?"

मी समोरच्या दोराचा ताण तपासायला लागलो.

उमरग्यात मिस्त्रीनं बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू करून दिली. पंपावर संघटनेचा चिटणीस बसवेश हजर होता. त्यानं पट्टीवरची सही तपासली, पट्टी फाडली, टाकी काठोकाठ भरून घेतली. साडेसहा लिटर बसलं. मीटर एकशे छप्पन किलोमीटर. बसवेशनं मोबाईलवर भागाकार केला, आणि तो दोनदा केला.

"सर! चोवीस! एवढ्या माणसांसकट चोवीस!"

मी काहीच बोललो नाही. म्हणजे मी खोटं बोललो नाही, एवढं लक्षात घ्या. मीटर बोलला, पंप बोलला, बसवेश बोलला. मी फक्त रुमालानं चष्मा पुसत होतो.

सभेला दीडेकशे ट्रकमालक आणि ड्रायव्हर. मामा स्टँडवरून थेट आले. बसवेशनं कानात आकडा सांगितला. मामांनी दोनदा मान हलवली आणि व्यासपीठावर उभे राहिले. हातात माईक.

"दोस्तांनो, म्या पन्नास वर्षं ट्रक चालवलाय. मी म्हणत हुतो, कागदावरचा आकडा रस्त्यावर येत न्हाय. आज माझ्या जावयानं म्हातारी-कोतारी माणसं बसवून, तेलाचा डबा आन् नारळाचं पोतं घेऊन, बावीसच्या जागी चोवीस काढून दावलं. म्या चुकलो. जावई खरा हाय!"

आणि त्यांनी पाठिंब्याच्या पत्रावर सही केली. पहिली सही, कन्नडमध्ये, भली मोठी.

टाळ्या! शिट्ट्या! एवढ्यावर थांबले असते तर? पण नाही! "आजपासून," मामा म्हणाले, "आपल्या समद्या ड्रायव्हरांनी दर रविवारी सरांकडं जाऊन गाडी चालवायला शिकायचं!"

हवी ती सही समोर होती, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. भरवसा हाय म्हणाले होते हो ते! मी उठलो. सांगायलाच उठलो होतो, शपथेवर सांगतो. आजही बायकोला हे पटत नाही, पण मी खुर्चीतून निम्मा उठलेला होतो तेव्हा मागून सिद्धाराम उभा राहिला. बिचारा माझं कौतुक करायला उभा राहिला होता!

"मालक, खरंच हाय! सरांची गाडी लई हलकी! नळदुर्गापसून उमरग्यापत्तर दोर लावून वडत आणली, तरी माझ्या ट्रकला कळ्ळंसुदीक न्हाय!"

दीडशे माना एकदम माझ्याकडं वळल्या.

"किती किलोमीटर वडली?" मामांनी माईकवरूनच विचारलं.

"पंचेचाळीस आसंल की, मालक."

मामांनी डोळे मिटले. मोबाईल लागत नाही त्या माणसाला. "एकशे छप्पन वजा पंचेचाळीस, एकशे अकरा. भागिले साडेसहा. सतरा."

मग जो काही हशा पिकला तो सांगत नाही. दोन ड्रायव्हर तर खुर्च्यांवरून खाली आले. मी तसाच निम्मा उठलेला, ना बसता येतंय, ना उभं राहता येतंय. "मामा," मी म्हणालो, "मामा खरे आहेत. मी चुकलो." पैजेचं वाक्य तेच होतं, पण आता ते पैजेसाठी नव्हतं.

"बसा," मामा म्हणाले. हसत नव्हते, पण रागावलेलेही दिसले नाहीत. "माणिकप्पा केल्याली सही पुसत न्हाय. पाठिंबा तर पाठिंबा. धूर कमी व्हावा असं मला बी वाटतंय. पण बसवेश, त्या पत्रात आणखी एक कलम घाल. म्हणावं, नियम करा, खुशाल करा. पण मायलेज भरल्या गाडीत, खऱ्या रस्त्यावर मोजा. आन् मोजणारा कंपनीचा नसावा, सरकारचा नसावा, आन् कुणाचा जावई तर मुळीच नसावा."

सभेनं एकमतानं मंजूर केलं. पत्र दिल्लीला गेलं. बसवेशचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून ते कलम सगळ्यांसमोर, मामांनी शब्द न् शब्द सांगितला तसं, मलाच लिहून काढावं लागलं!