डाव्या कुशीचे अपूर्णांक

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मुलीला अपूर्णांक येत नव्हते. शाळेने तसं वहीत लाल शाईने कळवलं, तेव्हा बाईंनी मशीन थांबवलं आणि मुलीला घेऊन चौकातला पूरक वर्ग गाठला.

"आमच्याकडे सरसकट शिकवणं नाही," संचालक गंभीरपणे म्हणाले. "प्रत्येक मूल वेगळं असतं."

"हो, पण अपूर्णांक सगळ्यांचे तेच ना?"

संचालकांना बाईंची कीव आली. त्यांनी मुलीची चाचणी घेतली. तीनशे प्रश्न होते, अपूर्णांकांवर एकही नव्हता. अहवाल आला: विद्यार्थिनी डाव्या कुशीवर झोपते, सबब तिला उजव्या बाजूनेच शिकवण्यात यावे.

महिन्याने बाई चौकशीला गेल्या. चाळीस पडद्यांआड चाळीस मुलं बसली होती. शिक्षक एकच, आणि ते अहवालांच्या ढिगात बुडालेले.

"तेविसाव्यापर्यंत आलोय," ते अजिजीने म्हणाले. "सगळे वाचले की शिकवायला घेणारच. पण तोवर मुलं वाढतात हो! मग पुन्हा चाचणी."

बाईंनी आवाज चढवला. संचालक धावत आले. "मुलीला सगळ्यात जास्त कोण ओळखतं?"

"मी!"

"मग नियमाने तिच्या वैयक्तिक शिक्षिका तुम्हीच."

बाईंच्या गळ्यात ओळखपत्र पडलं. मात्र शिकवण्याआधी प्रशिक्षण, प्रशिक्षणाआधी चाचणी. बाई उताण्या झोपतात असं निघालं. त्या प्रकारासाठी शिक्षक अजून नेमायचे होते, म्हणून त्यांनाही एक्केचाळिसाव्या पडद्याआड बसवण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी पडद्याखालून मुलीचं डोकं आलं. "आई, तुला तरी येतात का गं?"

"न येऊन कसं चालेल? रोज पाव मीटर, पाऊण मीटर कापते ना मी!" बाईंनी पर्समधली टेप काढली, जमिनीवर पसरली, घडी घातली, पुन्हा घातली. दहाव्या मिनिटाला मुलगी ओरडली, "आलं! आई, आलं मला!"

वर्गात हाहाकार उडाला. शिक्षकांच्या हातून अहवाल गळाला. विद्यार्थिनी आराखड्याबाहेर शिकल्याचा पंचनामा झाला आणि इतर मुलांवर वाईट परिणाम नको म्हणून मायलेकींना त्याच दिवशी काढून टाकण्यात आलं.

बाईंनी ही हकिकत गल्लीत सगळ्यांना सांगितली. बायका पदराआड हसल्या, "काय मेला बावळटपणा!" म्हणाल्या. मग एकेक जण हळूच येऊन विचारू लागली, "तुमच्या दोन जागा रिकाम्या झाल्या असतील ना हो?"

त्या दोन जागांसाठी सध्या एकशे साठ अर्ज आहेत. तुम्ही हसताय, हसा. तुमचा अर्ज चौथा आहे.